आत्याची जीभ

४ मार्च

दादा,

तू बरा आहेस असं धरून चालते, विचारत बसले तर मुद्दा राहून जाईल.

फोन सोडून पत्र कशाला, तर फोन आहे ओट्याशेजारी आणि ओट्याशेजारी असते तुझी आई, म्हणजे आत्या. हे तिच्या कानावर जायला नको. आता वाच, आणि मधे मधे "ही पोरगी म्हणजे" असं म्हणू नकोस.

मी आत्याच्या चहात मीठ घातलं. साखरेऐवजी, दोन चमचे गच्च भरून. दाराआड उभी राहिले तोंडावर हात दाबून. तिने एक घोट घेतला. दुसरा घेतला. फुंकर मारत मारत सगळा कप संपवला आणि हाक मारली, "भिंगरे, आज साखर फार झाली ग. हात जरा आखडता घे."

मी हसले. आणि हसता हसताच थांबले. दादा, तिचा चेहरा जरासुद्धा हलला नव्हता.

दुपारी गवळी आला. गाय दोन दिवस चरत नाही म्हणाला. आत्याने नेहमीसारखं मागच्या खोलीत बसून खलात कुटलं, चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाली, "हां. बरोबर." गवळी लगेच निवांत झाला. तू तर तिथेच वाढलास, तुला वेगळं सांगायला नको. बरण्यांवर नाव नाही, खूण नाही, ओळखायच्या त्या फक्त मांडणीवरच्या जागेवरून. मुळं सुकली की सगळी सारखीच दिसतात, आणि कुटली की सगळी पूड मातकट. कुठलं औषध, जुनं की ताजं, कडक की हलकं, ते सांगायची फक्त तिची जीभ. जे जनावराच्या घशात जाणार ते आधी तिच्या जिभेवर. लोक तिच्या मुळ्यांवर नाही, त्या "हां बरोबर" वर विश्वास ठेवतात.

पण ज्या जिभेला मीठ गोड लागतं, तिला काय बरोबर आणि काय चूक?

थंडीत तिला तो मोठा ताप आला होता ना. मला वाटतं तेव्हापासून. आता आठवतंय, मी एकदा भाजीत मीठच विसरले होते, तर चकार शब्द बोलली नाही. एरवी माझ्या सात पिढ्या काढल्या असत्या, म्हणजे तिच्याच.

मी काय करू ते सांग. गाय बरी आहे. या वेळी.

भिंगरी


९ मार्च

भिंगरी,

पत्र छान जमलंय. मागच्या वर्षीच्यापेक्षा बरंच चांगलं. ते आठवतंय ना? "आत्या स्टुलावरून पडली, बोलत नाही, लगेच ये." मी हातातला झारा टाकून धावत आलो, तर तुम्ही दोघी पत्ते खेळत होतात. आई बोलत नव्हती कारण ती हरत होती.

आता माझं ऐक. आई तुला कोळून प्यायलीय. मीठ तिला पहिल्याच घोटाला कळलं असणार. तुझं तोंड कसं पडतं ते बघायला तिने अख्खा कप रिचवला. बाबांनी एकदा आमटी करपवून वर "काय झालंय तिला?" असं विचारलं होतं. आईने वाटी चाटूनपुसून साफ केली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, कालच्यासारखीच करा. ती अशी बाई आहे. तिला टोपी घालायला निघालीस आणि स्वतःच घालून बसलीस.

इथे भटारखान्यात दिवसभर माझी जीभ चमच्यावर असते. मोठा आचारी काम सोडून गेलाय आणि सगळे माझ्याकडे बघतायत. ही जीभ मला आईकडून मिळालीय. ती अशी तापाबिपाने जात नसते. तेव्हा माझ्या डोक्याला उगाच घोर लावू नकोस.

दादा

ता. क. ती जेवते ना नीट?


१५ मार्च

दादा,

शपथ घ्यायला निघाले होते, पण माझ्या शपथेला तुझ्याकडे किंमत शून्य. म्हणून नुसतंच सांगते.

सोमवारी दूध उतू गेलं. उतू गेलं, जळलं, पातेलं काळं झालं. मी अंगणात होते, मला तिथे वास आला. धावत आत आले तर घरभर धूर, आणि आत्या शेजारच्याच खोलीत दाराकडे पाठ करून पाला निवडत बसलेली. मला म्हणते, "दूध तापलं का ग?"

हेही माझं तोंड बघायला केलं असेल, असं म्हण बघू.

पण पत्र त्यासाठी नाही. बेकरीवाल्या काकूंची शेळी गेली.

पोट फुगलं म्हणून आणली होती. चालत आली होती, दादा, माझ्या फ्रॉकचं टोकसुद्धा चावलं तिने. आत्याने वेखंड, सुंठ आणि ओवा कुटला, चाटला, "हां, बरोबर" म्हणाली आणि कोमट पाण्यातून पाजला. थोड्या वेळात शेळीच्या तोंडाला फेस आला. मग पाय लटपटायला लागले. मग ती बसली आणि मान टाकली. आत्या तिचं डोकं मांडीवर घेऊन कान चोळत राहिली. "उशीर झाला ग बाई," म्हणाली. काकू म्हणाल्या, "तुम्ही तुमच्याकडून केलंत आत्याबाई," आणि संध्याकाळी गरम पाव पाठवले. आत्याने खाल्ले. मला गिळवेना.

कारण सगळे गेल्यावर मी खलाच्या कडेला लागलेलं बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. आधी काहीच नाही. मग टोकाला मुंग्या आल्या. मग खालचा ओठ बधिर झाला, दात काढल्यावर होतो तसा. मी चुळा भरभरून थुंकले. तुला कळलं ना काय ते? बचनाग. लंगड्या घोड्यांच्या पायाला ती तेलात कालवून लावते आणि नंतर मला हात घासायला लावते, तोच. तो शेळीच्या पोटात गेला.

तिने स्वतःही चिमूट चाटली होती. मुंग्या तरी कळायला हव्या होत्या, पण तापापासून तिची जीभ नुसती बेचव नाही, बधिरही झाली असणार. अजून चिमूटभर जास्त घेतली असती तर?

ताप उतरल्यावर मुळ्या विकणारा म्हातारा आला होता. तेव्हा सगळ्या बरण्या तिने स्वतः नव्याने भरल्या. एकेक मूळ नाकाशी धरून, हुंगून हुंगून. काय हुंगलं तिने, दादा? कुठल्या बरणीत काय गेलंय ते आता कोणालाच माहीत नाही.

मी खल घासून ठेवला. का घासला विचारू नकोस. हातच आपले काहीतरी करत होते.

भिंगरी


२० मार्च

भिंगरी,

मी लहानपणी त्या बरणीत बोट घालून चोखलं होतं. तो बधिरपणा कधी विसरलो नाही, आणि हे आईने कोणाला सांगितलेलं नाही. म्हणजे तू रचलेलं नाहीस. पत्र वाचून माझ्या हातून वरण उतू गेलं.

नीट ऐक. बचनागाची बरणी ओतून टाक. खोलीला कुलूप लाव आणि किल्ली हरव. तुझी किल्ली हरवली तर कोणाला नवल वाटणार नाही. औषध मागायला येईल त्याला सांग, आत्याला बरं नाही, गुरांच्या डॉक्टरकडे जा.

आईला यातलं काही कळता कामा नये. आपली जीभ गेलीय हे तिला समजलं तर ती अंथरूण धरेल. आणि बेकरीवाल्या काकूंना एक अक्षर नको. त्या चांगल्या आहेत, पण दिवसभरात अर्धं गाव त्यांच्या दुकानात उभं असतं.

इथून लगेच निघता येत नाही. महिना संपला की बघतो. तोवर तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव. आणि एकदा तरी शहाण्यासारखी वाग.

दादा


२४ मार्च

चि. मुलास अनेक आशीर्वाद.

मी खुशाल आहे. तू पोटभर जेवत जा, दुसऱ्यांना वाढून स्वतः उपाशी राहू नकोस. (दादा, हे आत्या सांगतेय आणि मी लिहितेय. कंसातलं माझं. तिला वाचता येत नाही ते एक बरं आहे.)

या कार्टीने मागच्या खोलीची किल्ली हरवली. मी लोहाराला बोलावून कुलूप फोडून घेतलं. आता नवी किल्ली माझ्या कमरेला आहे. (कुलूप लावायच्या आधी मी बचनागाची बरणी गटारात ओतली. ओतताना वास आला. वेखंडाचा! म्हणून वेखंडाची बरणी उघडली, तर त्यात सुंठ. म्हणजे बचनाग अजून आतच कुठेतरी आहे. बाकीच्या उघडायच्या आत आत्या दारात उभी. तेव्हापासून मला एकटीला आत जाऊ देत नाही.)

गुरांचं काम चालू आहे. माणसं येतात, नाही म्हणवत नाही. ("बरं नाही" असं मी गवळ्याला सांगितलं, तर आत्या मागून म्हणाली, "कोणाला बरं नाही? तुझ्या डोक्याला?")

भिंगरीला आता हाताखाली घेतलंय. तिची जीभ चांगली आहे. (एवढं काय लिहितेस, मी तर दोनच वाक्यं सांगितली, असं विचारतेय. मी म्हटलं, शुद्धलेखन सुधारतेय.) परवापासून पूड कुटली की आधी तिच्या जिभेवर ठेवते आणि विचारते, कसं लागतं सांग. शिकेल हळूहळू.

(दादा, हे शिकवणं नाही. शिकवताना माणूस आधी स्वतः सांगतो. ही सांगत नाही, नुसती माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. मी "कडू" म्हटलं की "हां, बरोबर." मी "तिखट" म्हटलं की "हां, बरोबर." तिला माहीत आहे. तिला सगळं माहीत आहे, आणि तीही घाबरलीय. पूड जिभेवर ठेवली की लगेच वाटी पुढे करते, थुंक, थुंक म्हणते. परवा ओवा होता. काल कसला तरी पाला. रोज मला वाटतं, आज मुंग्या येणार.)

तुझं काम सांभाळ. इकडची काळजी नको.

तुझी आई


२९ मार्च

भिंगरी,

तू काहीही चाटायचं नाहीस. कळलं? एक कणसुद्धा नाही. ती पुढे आली तर तोंड मिटून घे, पळून जा, झाडावर चढ, पण चाटू नकोस. मी रजा मागितली नाही, सांगितली. पाच तारखेला पोचतो. मोठ्या आचाऱ्याची जागा गेली खड्ड्यात.

खालचं आईला मोठ्याने वाचून दाखव. गाळू नकोस आणि पदरचं घालू नकोस.

आई, मला सगळं कळलंय. शेळीचंही. तुझा राग येत नाही, भीती वाटते. भिंगरी दुसऱ्याची पोर आहे, मामाने ती विश्वासाने आपल्याकडे ठेवलीय. तिच्या जिभेवर ठेवून बघू नकोस आणि स्वतःच्याही नको. मी येईपर्यंत खलाला हात लावू नकोस. मी आलो की आपण सगळ्या बरण्या मिळून रिकाम्या करू.

दादा


२ एप्रिल

दादा,

अक्षर वाकडं आलंय ते माझं नेहमीचं नाही, बोटांत अजून थोड्या मुंग्या आहेत. घाबरू नकोस. डॉक्टर येऊन गेले, छाती तपासली, धोका टळला म्हणाले. क्रमाने सांगते.

तुझं पत्र मी आत्याला अक्षरन् अक्षर वाचून दाखवलं. "दुसऱ्याची पोर" तेवढं तिला लागलं. ती म्हणाली, "दुसऱ्याची काय म्हणून? माझ्याच भावाची." मग म्हणाली, "मला वाटलं होतं परत येईल." मी विचारलं, कोण? तर म्हणाली, "चव ग."

त्या दिवशी तिने खल पालथा घालून ठेवला. मला वाटलं, सुटलो.

काल सकाळी घोडागाडीवाला आला. घोडा गाडीला जुंपलेला नव्हता, तो त्याला ओढत आणत होता. घोडा पोटाकडे मान वळवून वळवून बघत होता आणि रस्त्यातच बसायला बघत होता. सगळं अंग घामाने निथळत होतं. मागून बघे. बेकरीसमोरची रांगसुद्धा इकडे सरकली. गाडीवाला एवढा दांडगा माणूस, पण रडत होता. "आत्याबाई, याच्याशिवाय माझं कोणी नाही हो."

मी आत्याचा हात धरला. म्हटलं, नको. ती पुटपुटली, "दारात उभ्या माणसाला काय सांगू?" आणि किल्ली काढली.

सुंठेची बरणी आणि ओव्याची. तिने अंगणातच खल मांडला, सगळ्यांसमोर. कुटलं. चिमूट घेतली आणि हात अर्ध्यात थांबला. माझ्याकडे बघितलं. मागितलं नाही, दादा. तू लिहिलं होतंस ना, म्हणून मागितलं नाही. नुसतं बघितलं. मग बोट स्वतःच्या तोंडाकडे न्यायला लागली.

मी झडप घातली आणि तिचं बोट मीच चाटलं.

तू ओरडशील. ओरड. सुंठ होती ना, मी तिखट लागायची वाट बघत होते. तिखट आलंच नाही. जीभ एकदम जाड झाली. मी ओरडले, "बचनाग आहे! पाजू नका, बचनाग आहे!" आणि थुंकायला लागले, ओठ हातांनी ओढायला लागले, कारण ते जागेवर आहेत की नाही तेच कळेना.

आणि लोक हसले.

खरंच हसले, दादा. गवळी म्हणाला, "काय नाटकी पोरगी आहे! परवा माझ्या बुटात बेडूक घातला होता हिनेच." एक बाई म्हणाली, "अग, घोडा मरतोय, आता तरी गप्प बस." मी रडायला लागले तर आणखी हसले, रडणंही मला चांगलं जमतं म्हणून. गाडीवाल्याने आत्यापुढे हात जोडले. "तिचं सोडा हो. तुम्ही एकदा चाखा आणि हां म्हणा. तुम्ही म्हणालात की झालं."

खलात नवी चिमूट होतीच. आत्याने ती उचलली.

दादा, मला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती. मी एवढी खोटं बोललेय की आज खरं बोलले तर फक्त तिलाच ते ओळखता येणार होतं, आणि तिच्याकडे ओळखायला काही उरलंच नव्हतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नुसती मान हलवली, नाही, नाही.

तिने चिमूट खलात झटकली. खल उचलला आणि चुलीच्या राखेत उपडा केला. उभी राहिली. आणि जरा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला चव कळत नाही. थंडीपासून कळत नाही. वासही नाही. पोरगी सांगतेय ते खरं आहे."

कोणी हसलं नाही.

मग ती गाडीवाल्यावर ओरडली, "बघत काय बसलास? बसू देऊ नकोस त्याला, चालवत ठेव! आणि तुमच्यातले पळू शकतील त्यांनी गुरांच्या डॉक्टरला आणा. आणि माणसांच्याही!" त्यानंतर तिने घोड्याकडे बघितलंच नाही. मला मांडीवर घेतलं, चुळा भरायला लावल्या, माझी मनगटं धरून बसली. सारखी विचारत होती, "मुंग्या कुठवर आल्या? कोपरापर्यंत? खांद्यापर्यंत? बोल ग, काहीही बोल, खोटं बोल, पण बोलत राहा." मी म्हटलं, आत्या, तुझ्या डोक्यावर पाल आहे. ती रडायला लागली.

घोड्याच्या नाकातून नळी घालून डॉक्टरांनी पोट मोकळं केलं. जगला. संध्याकाळी गाडीवाला येऊन दारातच उभा राहिला, आणि तसाच गेला.

आज सकाळपासून कोणी आलेलं नाही. गवळी दूध ठेवून गेला, हाक न मारता. आत्याने सगळ्या बरण्या अंगणात आणून ठेवल्यात, तू आल्यावर ओतायला. त्यांच्यावर घोंगडी घातलीय आणि स्वतः उंबऱ्यावर बसलीय.

मी म्हटलं, आत जाऊन पड. ती म्हणाली, "काल ती गर्दीत होती."

कोण ते मी विचारलं नाही. बेकरीवाल्या काकू रांगेच्या पुढेच उभ्या होत्या. आत्याने "थंडीपासून" म्हटलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं होतं. त्या मनातल्या मनात हिशोब करत होत्या, शेळी कधी आणली होती ते.

मी आत्याला म्हटलं, आपण सांगू, शेळी आधीच आजारी होती. ते खोटंही नाही. खल मी घासून ठेवलाय, कोणाला काय कळणार? मी बोलते त्यांच्याशी, तू गप्प बस, मला जमतं हे. आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. हात गार होता.

बेकरीचं दार आत्ताच वाजलं. दुपारच्या वेळी त्या कधी बाहेर पडत नाहीत. हात पिठाचेच आहेत, पुसलेले नाहीत. मी खिडकीतून बघतेय आणि लिहितेय. रस्ता ओलांडला. मी दार लावायला उठले, तर आत्या म्हणाली, "उघडं राहू दे. आणि एक पाट आणून ठेव, तिला बसायला."

भिंगरी